दात शिवशिवत असतील तर टूथपेस्ट बदलून खरोखरच फरक पडतो का?

सोनचाफा (धागाकर्ती), ८ मार्च

नमस्कार मंडळी. माझे वय ५१ असून मी कोल्हापुरात राहते. यंदा लवकरच माठ भरून ठेवला, तेव्हा लक्षात आले की त्यातल्या पाण्याचा पहिला घोट मला नीट घेताच येत नाही. वरच्या डाव्या बाजूच्या तीन दातांत सुईसारखी कळ उठते आणि घोट गिळून होईपर्यंत ती नाहीशीही होते. उजवीकडच्या खालच्या एका दाढेतही दुखते, मात्र तिथले दुखणे दोन-चार मिनिटे रेंगाळते. आरशात पाहिले तर कीड दिसत नाही आणि हिरड्यांतून रक्तही येत नाही.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्या घरात लग्न होते. फोटोंत दात उजळ दिसावेत म्हणून मी वर्षानुवर्षे वापरलेली साधी पेस्ट सोडून कोळशाची पूड घातलेली, दात पांढरे करणारी पेस्ट घेतली. दात खरोखरच उजळ दिसू लागले, म्हणून लग्न झाल्यावरही तीच चालू ठेवली, आणि जरा जोर लावून घासले की अधिक स्वच्छ वाटते म्हणून जोरही लावत गेले. दिवाळीनंतर हे शिवशिवणे सुरू झाले. मागच्या आठवड्यात औषधांच्या दुकानातून संवेदनशील दातांसाठीची पेस्ट आणली. तिची किंमत माझ्या जुन्या पेस्टच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि चार दिवस वापरूनही काडीचा फरक पडलेला नाही.

माझा प्रश्न असा, की टूथपेस्टच्या निवडीमुळे दात शिवशिवू लागतात का, आणि दुसरी पेस्ट निवडली की ते थांबतात का? की या दोन्ही गोष्टी जाहिरातींपुरत्याच खऱ्या आहेत? ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ, ८ मार्च

ताई, मला हाच त्रास तीन वर्षांपूर्वी होता. माझ्या बाबतीत मूळ कारण पेस्ट नसून ब्रश निघाला. कडक केसांच्या ब्रशने आडवे घासण्याची सवय लहानपणापासूनची होती. सुळ्यांच्या मुळाशी कुऱ्हाडीने खाच पाडावी तशा खाचा पडल्या होत्या आणि नखाने स्पर्श केला तरी अंगावर काटा येत असे. मऊ ब्रश घेतला, जोर कमी केला, त्यानंतर पेस्टचा गुण दिसू लागला. आपला ब्रश कोणता आहे तेही लिहा.

देवराई, ८ मार्च

सोनचाफाताई, मी १९ वर्षे सातारा जिल्ह्यात दंतवैद्यक करते आहे. होळी झाली की हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची माझ्या दवाखान्यात रीघ लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

दाताचा दिसणारा भाग एनॅमलने झाकलेला असतो. आपल्या शरीरात त्याहून कठीण काही नाही, आणि त्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ते शाबूत असेपर्यंत थंड-गरम जाणवत नाही. त्याच्या आत डेंटिन असते. डेंटिनमधून बाहेरून आत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंच्या संख्येने असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डेंटिन उघडे पडले की थंड पाण्याने, वाऱ्याच्या झोताने किंवा गोड पदार्थाने तो द्रव हलतो आणि नलिकेच्या आतल्या टोकाशी असलेला मज्जातंतू चाळवला जातो. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे ही मांडणी पुढे आणली आणि आजही तीच सर्वत्र मान्य आहे. आपली कळ घोट गिळताच थांबते, ती यामुळेच. पाणी पुढे गेले की द्रव स्थिरावतो.

डेंटिन दोन वाटांनी उघडे पडते. एक तर एनॅमल झिजते, नाहीतर हिरडी मागे सरकते. मुळावर एनॅमल नसतेच, तिथे सिमेंटम नावाचा अगदी पातळ थर असतो आणि तो घासण्याने सहज निघून जातो. इथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. नुसत्या ब्रशने डेंटिनची झीज फार थोडी होते; खरी झीज पेस्टमधले घासणारे कण करतात आणि ब्रश त्यांना रेटण्याचे काम करतो. कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका यांसारखे कण प्रत्येक पेस्टमध्ये थोडेबहुत लागतातच, कारण त्यांच्याशिवाय डाग निघत नाहीत. पण डाग काढण्याचे आश्वासन जितके मोठे, तितका घासणारा अंश जास्त असण्याची शक्यता असते. हे मोजण्यासाठी आरडीए नावाचे माप आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची वरची मर्यादा २५० आहे. दुर्दैवाने हा आकडा आपल्याकडच्या वेष्टनांवर सहसा छापलेला नसतो. कोळशाच्या पेस्टा सगळ्या सारख्या नसतात, पण ज्याची हिरडी आधीच थोडी मागे सरकली आहे आणि जो जोर लावून घासतो, त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्ट सांगते.

आता दुसरा प्रश्न. संवेदनशील दातांच्या पेस्टा दोन तऱ्हांनी काम करतात. पहिल्या प्रकारात ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असते, म्हणजे आपला जुना सोरा. त्यातले पोटॅशियम नलिकांमधून आत झिरपते आणि मज्जातंतूची चाळवण्याची क्षमता कमी करते असे मानले जाते. त्यासाठी ते आत साचावे लागते, म्हणून दिवसातून दोनदा वापरूनही गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना आठही लागतात. दुसऱ्या प्रकारात नलिकांची तोंडे बुजवणारे द्रव्य असते. स्टॅनस फ्लोराइड, कॅल्शियम कार्बोनेटच्या जोडीला ८ टक्के आर्जिनिन, किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट ही त्यातली मुख्य. आर्जिनिनची पेस्ट बोटाच्या टोकाने दुखऱ्या जागी मिनिटभर चोळली तर कित्येकांना लगेच आराम वाटतो. आपण आणलेल्या नळीवर काय लिहिले आहे ते पाहून सांगावे. चार दिवस हे मात्र कोणत्याच निष्कर्षासाठी पुरेसे नाहीत.

खालच्या दाढेबद्दल स्वतंत्रपणे सांगते. दुखणे मिनिटांच्या हिशेबात रेंगाळत असेल तर ते या प्रकारात बसत नाही. ती दाढ पेस्टवर सोडू नका, जवळच्या दंतवैद्याला दाखवा.

सोनचाफा, ९ मार्च

देवराईताई, इतके समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. नळीवर पोटॅशियम नायट्रेट लिहिले आहे. ब्रश मध्यम केसांचा आहे आणि त्याचे केस दोन महिन्यांतच फाकतात, यावरून माझ्या हाताचा जोर कळेल. दाढेत बारा-तेरा वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे. ती निखळलेली नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष गेले नव्हते.

जुनी वही, ९ मार्च

मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७४. माझे मत थोडे वेगळे आहे. माझे आजोबा गोवऱ्यांच्या राखेची राखुंडी आणि बाभळीची काडी यांवर ८० वर्षे जगले. शेवटपर्यंत ऊस दाताने सोलून खात आणि दात शिवशिवतात हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. घासणाऱ्या कणांमुळेच हे सारे होत असेल, तर राखेइतके खरखरीत दुसरे काय होते? मला वाटते की पेस्टमधल्या रसायनांनी दात नाजूक केले आणि आता त्याच कंपन्या त्या नाजूकपणावर औषध विकत आहेत. डॉक्टरांनी यावर जरूर लिहावे. मी वादासाठी विचारत नाही.

देवराई, ९ मार्च

सर, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या आजोबांच्या दातांतच आहे. राखेने त्यांचे दात झिजले असणार यात मला शंका नाही. त्या पिढीतल्या लोकांचे दात मी पाहिले आहेत; चघळण्याचा पृष्ठभाग पाटासारखा सपाट झालेला असतो आणि त्यात पिवळे डेंटिन उघडे दिसते. तरीही त्यांना कळ येत नसे, कारण झीज सावकाश झाली तर दात आतून नवे डेंटिन घालतो आणि जुन्या नलिकांमध्ये खनिजे साचून त्या अरुंद होत जातात. म्हणूनच हा त्रास साधारण २० ते ५० या वयात अधिक आढळतो आणि उतारवयात हिरड्या मागे सरकलेल्या असूनही बऱ्याच जणांचा कमी होतो. काही महिन्यांत झपाट्याने झालेल्या झिजेला मात्र दाताला तेवढी सवड मिळत नाही.

रसायनांविषयी सांगायचे, तर फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे काहींना तोंड येते हे मी नाकारत नाही. परंतु त्याने डेंटिन उघडे पडत नाही. झीज करतात ते कण, मग ते राखेचे असोत, लाल दंतमंजनातल्या गेरूचे असोत वा नळीतल्या सिलिकाचे.

पायवाट, ९ मार्च

सरांनी राखुंडीचा विषय काढला म्हणून मशेरीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. माझी आई वयाच्या १८ व्या वर्षापासून मशेरी लावत होती. दात शिवशिवले की ती जास्त वेळ धरून ठेवी, कारण तेवढ्यापुरते बधिर वाटे. पुढे तिच्या समोरच्या दातांच्या हिरड्या इतक्या मागे गेल्या की मुळे उघडी पडली, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा कुठे तिने ती सोडली. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी आणली, पण चुलीवर तव्यात तंबाखू भाजून घरी केलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचणार कशी? आपल्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बायांमध्ये कोणी दात दुखतात म्हणून मशेरी लावत असेल, तर तिला हा धागा वाचून दाखवा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचवा खांब, १० मार्च

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बाजू राहिली आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पोटॅशियम असलेल्या टूथपेस्टांवरील आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हवेचा झोत सोडून किंवा टोकदार उपकरण लावून तपासले तेव्हा अशा पेस्टचा गुण दिसला, परंतु सहा ते आठ आठवड्यांनंतर रुग्णांना स्वतःला काय वाटते हे विचारले तेव्हा खात्रीने सांगण्यासारखा फरक आढळला नाही. चाचण्याही मोजक्याच होत्या. या विषयात आणखी एक अडचण अशी, की साधी पेस्ट दिलेल्या गटातही बऱ्याच जणांचे दुखणे कमी होते. आपल्यावर उपचार चालू आहेत ही भावना आणि त्या काळात घेतलेली काळजी, दोन्ही कामी येतात. तेव्हा तिप्पट किंमत देताना हे ठाऊक असावे.

देवराई, १० मार्च

आपले म्हणणे मला मान्य आहे आणि मी रुग्णांनाही हे लपवत नाही. नलिका बुजवणाऱ्या पेस्टांवर त्यानंतर बरेच काम झाले आहे आणि तिथला पुरावा मला अधिक पटतो. तरीही सोऱ्याची पेस्ट मी नाकारत नाही, कारण ती निरुपद्रवी आहे, तिच्यात फ्लोराइडही मिळते आणि माझ्या रुग्णांपैकी पुष्कळांना तिने आराम पडला आहे. आठ आठवडे नेमाने वापरून गुण आला नाही तर दुसऱ्या प्रकारची घ्यावी. त्यानेही भागले नाही तर दवाखान्यात लावायचे वार्निश, म्हणजे दातावरचा संरक्षक लेप, किंवा खाच भरणे हे मार्ग आहेतच.

हडसनकाठ, १० मार्च

मी गेली १४ वर्षे न्यू जर्सीत आहे. कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेटचा उल्लेख वाचून लिहिते आहे. हे द्रव्य म्हणजे एक प्रकारची काच. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ साली हाडाशी एकजीव होणारी काच तयार केली, आणि तिचीच बारीक पूड पुढे नोव्हामिन या नावाने टूथपेस्टमध्ये आली. माझ्या पुण्याच्या दंतवैद्याने मला ती पेस्ट सांगितली होती व तिचा मला चांगला गुण आला होता. इथे त्याच नावाची, तशाच वेष्टनातली नळी घेतली आणि महिनाभराने मागची बाजू वाचली, तर आत नोव्हामिन नव्हतेच, स्टॅनस फ्लोराइड होते. तीही चांगलीच निघाली, फक्त दातांच्या कडांना थोडे तपकिरी डाग आले. आजही इथली कित्येक मराठी कुटुंबे भारतातून येणाऱ्याला लोणच्या-पापडांबरोबर टूथपेस्ट आणायला सांगतात. सांगण्याचा मुद्दा हा, की नावावर जाऊ नका, घटक वाचा. एकच नाव दोन देशांत दोन वेगळ्या वस्तूंवर असू शकते.

औषधालय, १० मार्च

माझे नाशिकला औषधांचे दुकान आहे. हडसनकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गिऱ्हाईक येते आणि "दाताला थंड लागते, ती जाहिरातीतली द्या" एवढेच म्हणते. मी वेष्टनाची मागची बाजू दाखवतो तेव्हा दहातला एखादाच ती वाचतो. या पेस्टांचा इतिहास पाहिला तर सेन्सोडाइन हे नाव १९६१ साली अमेरिकेत ब्लॉक ड्रग कंपनीने बाजारात आणले तेव्हा त्यात स्ट्रॉन्शियम क्लोराइड होते. पोटॅशियम नायट्रेटचा गुण मिल्टन होडोश यांनी १९७४ मध्ये मांडला आणि त्यानंतर बहुतेकांनी सोऱ्याची वाट धरली. म्हणजे नाव कायम राहिले आणि आतला पदार्थ काळानुसार बदलत गेला.

पैशांच्या बाबतीत माझा सल्ला असा, की घरात एकाला त्रास असेल तर एकासाठीच ती नळी घ्यावी. सगळ्या घराने महागडी पेस्ट वापरण्याचे कारण नाही. लहान मुलांना तर ती दंतवैद्याने सांगितल्याशिवाय देऊच नये. आणि महिनाभर वापरूनही दुखणे तसेच राहिले तर दुसरी नळी मागायला माझ्याकडे न येता दंतवैद्याकडे जावे. अमेरिकेत तर या पेस्टांच्या वेष्टनावर तशी सूचनाच छापलेली असते.

कवडसा, ११ मार्च

नळीच्या तळाशी असलेल्या हिरव्या चौकोनाचा अर्थ नैसर्गिक आणि काळ्याचा अर्थ रासायनिक, असे मला कोणीतरी पाठवले होते. निवडताना ते पाहावे का?

औषधालय, ११ मार्च

अजिबात पाहू नये. तो चौकोन नळी कापणाऱ्या व बंद करणाऱ्या यंत्राला जागा कळावी म्हणून छापलेला असतो. यंत्राच्या संवेदकाला तो उठून दिसावा एवढाच रंगाचा हेतू. आतल्या घटकांशी त्याचा काहीही संबंध नाही.

उन्हाळी सुट्टी, ११ मार्च

मी दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी पहाटे अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेऊ लागलो आणि ते प्यायल्यावर लगेच दात घासत असे. चार महिन्यांत दात असे आंबू लागले की पोळीचा तुकडा मोडणेही नको वाटे. सर्व प्रकारच्या पेस्टा आणून झाल्या. शेवटी दंतवैद्याने विचारले, की दिवसाची सुरुवात कशाने करता? लिंबाच्या आम्लाने एनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ पडतो आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर तो खरवडून निघतो, हे तेव्हा कळले. लिंबू बंद केले, दात आधी घासू लागलो, आणि तीच पेस्ट जी आधी निरुपयोगी ठरली होती ती पाच आठवड्यांत लागू पडली. पन्हे, कोकम सरबत, चिंचेचे सार हे सारे आपल्याकडे उन्हाळ्यातच येते. माझ्या मते शिवशिवणेही त्यामुळेच उन्हाळ्यात वाढते.

देवराई, ११ मार्च

अगदी योग्य निरीक्षण आहे. आम्लता पीएच या मापाने मोजतात आणि आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त; तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात, आणि उघड्या डेंटिनची तर त्याच्याही आधी. लिंबाचा रस याच्या कितीतरी खाली असतो. पन्हे सोडा असे मी म्हणणार नाही. ते घोटघोट दिवसभर पिण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदा प्यावे, वर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश तासाभराने करावा. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, रात्री आंबट पाणी घशाशी येते, किंवा गरोदरपणात उलट्या होतात, त्यांनाही हेच लागू आहे. उलटी झाल्यावर लगेच दात घासणे टाळावे.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. दात घासल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरल्या की ज्या द्रव्यासाठी तिप्पट पैसे दिले ते बेसिनमध्ये वाहून जाते. पेस्ट थुंकून टाकावी आणि चूळ भरायची झालीच तर अगदी थोड्या पाण्याची. रात्रीच्या ब्रशनंतर तर हे आवर्जून करावे.

पांढरकवडा, १२ मार्च

मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. आमच्या भागात विंधन विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, माझ्या स्वतःच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. अशा वेळी फ्लोराइड असलेली संवेदनशील दातांची पेस्ट वापरणे धोक्याचे नाही का? आमच्याकडे लोक या भीतीने बिनफ्लोराइडची पेस्ट घेतात.

देवराई, १२ मार्च

आपली काळजी रास्त आहे. दातांवरचे ते पट्टे लहानपणी, हिरडीच्या आत दात तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडतात. मोठ्या माणसाचे दात तयार झालेले असतात आणि पेस्ट थुंकली जाते, त्यामुळे तिच्याने नवे पट्टे पडत नाहीत. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग, आहे. आपल्या भागात खरा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो पेस्ट बदलून सुटणार नाही. लहान मुले मात्र पेस्ट गिळतात, म्हणून त्यांना ती वाटाण्याएवढी, अगदी लहानांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी आणि थुंकते आहे की नाही ते समोर उभे राहून पाहावे. आपल्यासारख्या भागातल्या मुलांसाठी कोणती पेस्ट, हे पाण्याची तपासणी पाहून स्थानिक दंतवैद्यानेच ठरवावे.

नदीकाठ, १४ मार्च

दात स्वच्छ करून घेतल्यावर, म्हणजे किटण काढल्यावर, शिवशिवणे वाढते हेही खरे ना? माझ्या बहिणीने त्या भीतीने दहा वर्षे ते टाळले आहे.

देवराई, १४ मार्च

काही दिवस वाढते, कारण किटणाखाली झाकलेले मूळ उघडे होते. बहुधा एक-दोन आठवड्यांत ते शमते, आणि आधीपासून संवेदनशील दातांची पेस्ट सुरू केली तर त्रास कमी होतो. किटण तसेच ठेवले तर हिरडी आणखी मागे सरकते व पुढे मोठे मूळ उघडे पडते. बहिणीला समजावून सांगा.

सोनचाफा, ५ मे

मंडळी, बरोबर आठ आठवड्यांनी परत लिहिते आहे. इतक्या जणांनी वेळ काढून लिहिले, तेव्हा पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

देवराईताईंचे ऐकून १२ मार्चला इथल्या दंतवैद्याकडे गेले. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले आणि दाढ दाताखाली काडी धरायला लावून तपासली. जुन्या चांदीखालून दाढेला चीर गेली होती व आतला मज्जातंतू सुजला होता. तिचे रूट कॅनाल झाले, टोपी पुढच्या आठवड्यात बसेल. मी आणखी दोन-तीन महिने पेस्ट चोळत बसले असते तर बहुधा दाढ काढावी लागली असती असे ते म्हणाले. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण मी खरोखरच तसे करणार होते.

वरच्या तीन दातांच्या हिरड्या मागे सरकल्या आहेत आणि एकाच्या मुळाशी नदीकाठ यांनी वर्णन केली तशी खाच आहे. ती भरून घेतली. उरलेल्या दोन दातांसाठी सोऱ्याची तीच पेस्ट चालू ठेवली. अतिशय मऊ ब्रश घेतला, तो बोटांच्या टोकांनी लेखणीसारखा धरते म्हणजे जोर लागतच नाही, आणि रात्री चूळ भरत नाही. पहिले दोन आठवडे काहीच झाले नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका दुपारी बाहेरून आल्यावर तहानेच्या भरात मी माठातले पाणी गटागटा प्यायले, आणि पेला खाली ठेवल्यावर ध्यानात आले की कळ आलीच नाही. बर्फ अजून चालत नाही. कैरीच्या फोडीला तर मी अद्याप हात लावलेला नाही.

पाचवा खांब यांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी पेस्ट, ब्रश, हाताचा जोर आणि चुळा हे सारे एकदमच बदलले, त्यामुळे गुण नेमका कशाचा हे मला सांगता येत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाबाबत मात्र मी आता निःशंक आहे. कोळशाच्या पेस्टची अर्धी नळी उरली होती. परवा तिने देवघरातले काळे पडलेले चांदीचे निरांजन घासले. दोन-तीन वेळा बोट फिरवताच ते लख्ख झाले, पण उजेडात धरले तर त्यावर बारीक चरे दिसले. हेच मी सहा महिने उघड्या मुळांवर दोन वेळा घासत होते.

पाचवा खांब, ५ मे

इतक्या निष्ठेने लिहिलेली हकीकत क्वचित वाचायला मिळते. दोन दातांपैकी एकावर पेस्ट आणि दुसऱ्यावर नाही, असे तोंडात करता येत नाही, त्यामुळे आपल्याला कारण सांगता येत नाही यात आपला दोष नाही. आपल्या जागी मीही चारही गोष्टी एकदमच बदलल्या असत्या.

जुनी वही, ५ मे

सोनचाफाताई, दाढ वाचली याचा आनंद वाटतो. डॉक्टरांचे उत्तर वाचल्यावर मी आरशात माझेच दात नीट पाहिले. आजोबांचे जसे वर्णन त्यांनी केले, तसाच सपाट पृष्ठभाग आणि पिवळे ठिपके मला माझ्या दाढांवर दिसले. लाल मंजन मी गेल्या महिन्यात बंद केले आहे.

सोनचाफा, ६ मे

सर, आपण हे लिहिलेत याचे फार बरे वाटले. देवराईताई, शेवटचे एक विचारते. आता कळ येत नाही, तर ही पेस्ट थांबवून जुनी साधी पेस्ट सुरू करू का?

देवराई, ६ मे

आणखी तीन महिने तरी थांबवू नका. सोऱ्याचा परिणाम वापर बंद केला की ओसरू लागतो, आणि आंब्या-कैरीचे दिवस अजून संपलेले नाहीत. पावसाळ्यात एकदा साध्या फ्लोराइड पेस्टवर येऊन पाहा. कळ परत आली तर पुन्हा हीच सुरू करा. टोपी बसेपर्यंत उजवीकडून कडक काही चावू नका.